सिस्टरच्या पर्समधला नट

माझं ब्यूटी पार्लर आहे, त्यामुळे बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. टिकल्यांचं पाकीट, देवाचा अंगारा, छोटा आरसा, विरघळून चपटं झालेलं चॉकलेट. पण सिस्टरच्या पर्समध्ये रुमालाच्या गाठीत बांधलेला एक गंजका नट असायचा आणि त्या नटात घट्ट रुतून बसलेला तेवढाच गंजका बोल्ट. दुकानात शिरल्याबरोबर त्या गाठ सोडायच्या, तो ऐवज काउंटरवर खणकन ठेवायच्या आणि दुकानदाराला म्हणायच्या, "ह्यो आमचा पेशंट. आता दाखवा तुमचं औषध."

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. कळमनुरीच्या पलीकडच्या एका तांड्यावर त्यांचा जन्म. नोकरी आसपासच्या गावांत लसींचा डबा खांद्याला लावून हिंडण्यात गेली. उंचपुऱ्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की पार्लरच्या ड्रायरमधूनही ऐकू यावा. तांड्यावर त्यांना 'याडी' म्हणत, म्हणजे आई. बाकी सगळ्या गावाला त्या सिस्टर. पोलीस पाटलापासून भाजीवालीपर्यंत कुणीही भेटलं की त्या आधी दंडाकडे बघत, लस टोचल्याची खूण आहे का ते तपासत आणि मग तोंडाकडे बघून नमस्कार करत.

रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. सिस्टरनी एक जुनी व्हॅन घेतली! मागची सीट काढून टाकली, तिथं लांबलचक बाक बसवला, त्यावर फोम आणि रेक्झिनचं कव्हर. तांड्यावरून कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की ही व्हॅन निघायची. ॲम्ब्युलन्स बोलावली की यायची, पण लांबून यायची, आणि पोटात कळा सुरू झालेल्या बाईला ते लांब किती लांब वाटतं ते सिस्टरना माहीत होतं. त्या स्वतः चालवायच्या. हॉर्न वाजवायच्या नाहीत, खिडकीतून डोकं काढून ओरडायच्या. "सरका रे! पेशंट हाये!" म्हशीसुद्धा सरकत.

माझी आणि त्यांची ओळख शेजारधर्माची. त्या कळमनुरीत आमच्या गल्लीत राहायच्या. पार्लरमध्ये मात्र कधी आल्या नाहीत. मी एकदा भुवया करून देते म्हटलं तर म्हणाल्या, "माझ्या भुवया देवानं कोरल्यात, त्याच्या कामात तू काहून हात घालतीस?" पण आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडवर त्यांचा डोळा होता. माझे यजमान नोकरीला नांदेडला, आठवड्याला येणार, आमची गाडी त्यांच्यासोबत. शेड रिकामी. एका सकाळी सिस्टरनी न विचारता व्हॅन आत आणून लावली आणि मला हाक मारली. "वैशाली, बाहेर ये. ह्या बाकावर आडवी हो."

मी आडवी झाले. सिस्टरनी गाडी सुरू केली आणि मी थोड्याच वेळात खोकत, डोळे चोळत बाहेर पडले. आत धूर येत होता. सायलेन्सरच्या दोन नळ्या जिथं जोडलेल्या असतात, तिथला जोड कुजला होता आणि सगळा धूर फटीतून वर, थेट बाकाजवळ. समोर बसून चालवणाऱ्याला पत्ताही लागत नव्हता.

"काल सविताला तपासणीला नेलं," सिस्टर म्हणाल्या. "सारा रस्ता ओकत राहिलं लेकरू. मला वाटलं, दिवस गेलेत, व्हतं असं. उतरताना म्हणाली, याडी, धुरानं मळमळलं. सांगू का तुला? जिंदगीभर लोकाच्या पोरांला औषध पाजलं. आन काल पोटातल्या लेकराला मी धूर पाजला."

सविता तांड्यावरची, सिस्टरच्या भावकीतली सून. पहिलटकरीण, सातवा महिना. बाळंतपणाला तिला याच गाडीतून न्यायचं हे ठरलेलं. त्यातच व्हॅनच्या पासिंगची तारीख जवळ आली होती. हिंगोलीला आरटीओत गाडी पास झाली तर ठीक, नाहीतर भंगार. पुण्याच्या लेकीनं तर आधीच बजावून ठेवलं होतं की आई, आता पुरे, ती गाडी विकून टाक. म्हणजे जोड बदलला तर गाडी, नाहीतर काहीच नाही. एवढं सरळ होतं.

आता जोड बदलायचा तर तीन नट काढायचे. गल्लीच्या तोंडाशी पिंटूचं गॅरेज आहे. दोन पोरांचा बाप, पण अजून पिंटूच. त्यानं गाडीखाली शिरून दोन नट काढले आणि तिसऱ्यापाशी पाना टेकवून बाहेर आला. "सिस्टर, ह्यो न्हाई निघत. जोर केला तर बोल्ट तुटंल, मंग पुढची नळीबी गेली. सरळ कटिंग करू, मोठ्या गॅसनं. पण वरचा पत्रा जळंल, ते सांगून ठेवतो. मी तर म्हणतो, काहून जीव टाकून राहिल्या ह्या डब्यात?"

"पिंटू," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुझा जन्म झाला तवा तुझी मान वाकडी व्हती. कुणी म्हणलं का, काहून जीव टाकून राहिल्या?"

पिंटूनं पाना पुसायला घेतला. त्याची मान आजही किंचित डावीकडे असते आणि सगळ्या गावाला हा किस्सा पाठ आहे.

सिस्टरचा एक क्रम होता. पेशंट असो नाहीतर गाडी, क्रम तोच. आधी शेक. शेकानं गेलं नाही तर मलम. मग गोळी, मग सुई, आणि सगळं हरल्यावर कापाकापी. "हल्ली समदे उलट्या बाजूनं सुरू करून राहिले," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा या नटाला आधी शेक द्यायचा ठरलं. लोखंड तापलं की फुगतं, गंज सुटतो, हे पिंटूनंही मान्य केलं. फक्त त्याच्याकडे त्या मापाचा जाळ नव्हता. एक तर त्याचा कटिंगचा मोठा गॅस, नाहीतर काडेपेटी.

मग काय विचारता! आम्हाला घरी ठेवायला, गाडीच्या कामाला चालेल असा गॅसचा टॉर्च, म्हणजे हातात धरून नेमका जाळ सोडायचं यंत्र, घ्यायचा होता आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पार्लरमध्ये एका हातानं थ्रेडिंग आणि दुसऱ्या हातात मोबाईल. जगात कुठले कुठले लोक जाळ पेटवून काय काय तापवतात ते मी बघत बसले. निळी ज्योत, पिवळी ज्योत, पेनाएवढा टॉर्च, हाताएवढा टॉर्च. एका गिऱ्हाइकाची भुवई जरा जास्तच बारीक झाली, ती अजून मला बोलून दाखवते. सिस्टर माझ्या या उत्साहावर खूश होत्या, पण त्यांनी एक अट घातली. "मोबाईल बघून डॉक्टर व्हता येत न्हाई. टेस्ट डोस दिल्याबिगर आमी काई घेणार न्हाई." त्याच दिवशी त्यांनी पिंटूच्या भंगारातून तो अडकलेला नटबोल्ट उचलला, आमच्या नटाच्याच मापाचा आणि तेवढाच हट्टी. रुमालात बांधला. पर्समध्ये टाकला.

पण मला दम कुठला? मी कुणाला न सांगता घरपोच एक टॉर्च मागवलाच. पिस्तुलासारखा, चिमुकल्या डब्यावर बसणारा. काय देखणा होता! चाप ओढला की निळी ज्योत. मी नाचत सिस्टरकडे गेले. त्यांनी रुमाल सोडला, नट पक्कडीत धरला, मी ज्योत धरली. बराच वेळ धरली. सिस्टरनी नटाजवळ बोट नेलं आणि म्हणाल्या, "ह्याला तर तापबी न्हाई आला." आमच्या स्वयंपाकघरात नुकती वांगी आलेली होती. त्याच टॉर्चनं सिस्टरनी ती भाजली, तेव्हा टॉर्च अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही, कारण भरीत झकास झालं.

कळमनुरीतली दोन-तीन दुकानं पालथी घालून हिंगोलीला एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर गंमतच. दोघी बायका, त्यातली एक पांढरे बूट घातलेली, गॅसचा टॉर्च मागतात. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, वांगी भाजायची का पापड?" सिस्टरनी नट ठेवला. खणकन. "हे भाजायचं." तो हसला, शेजारच्याला म्हणाला, बघ रे. पण दाखवले त्यानं सगळे स्वयंपाकाचेच. एक तर गुलाबी रंगाचा होता. "लेडीजमध्ये हाच चालतो," म्हणे. मी भांडणार होते, माझा आवाज चढलाही होता, पण सिस्टरनी माझा हात दाबला. त्यांनी गुलाबी टॉर्च घेतला, पेटवला आणि सरळ उलटा केला. ज्योत पिवळी पडली, फडफडली, थुंकल्यासारखी करत भपकन मोठी झाली. काउंटरवरचा माणूस दोन पावलं मागं. सिस्टरनी टॉर्च शांतपणे बंद करून ठेवला. "आमाला गाडीखाली झोपून काम करायचंय भाऊ. आडवं केल्यावर जे रडतं ते आमच्या कामाचं न्हाई."

मला हे सुचलंच नव्हतं! मोबाईलवर सगळे लोक टेबलापाशी उभे राहून टॉर्च दाखवत होते, गाडीखाली पाठीवर पडून धरायचा कसा हे कुणी दाखवत नव्हतं. डबा तिरपा झाला की आतला पातळ गॅस तसाच तोंडाशी येतो आणि जाळ भडकतो. सिस्टरनी ते वाकून, नवजात पोराला आडवं-उभं करून बघावं तसं बघितलं.

तिसरी मजल जवळा बाजारची. तिथल्या आठवडी बाजारात सिस्टरच्या ओळखीचा एक स्लॅबला डांबरी पत्रा चिकटवणारा भेटला. त्याच्याकडे लांब दांड्याचा बर्नर, लांब नळी, गॅसची उभी टाकी. आडवं करायचा प्रश्नच नाही! मला वाटलं, मिळालं. त्यानं भरवशावर एक दिवसासाठी दिला आणि आम्ही तो आमच्या अंगणात आणला. चाचणीचा नट विटेवर ठेवला. मी पेटवला मात्र, आणि हातभर जाळ घोंघावत निघाला. नट लाल झाला, वीट काळी झाली, पलीकडच्या कढीपत्त्याच्या झाडाची एक बाजू होरपळली आणि दोरीवर वाळत घातलेला पार्लरचा टॉवेल आखडून गेला. मी आनंदानं ओरडत होते, "सिस्टर, लाल झाला! लाल झाला!" सिस्टरनी मागून टाकीच बंद केली. मग म्हणाल्या, "शेक द्यायचा, भाजायचं न्हाई. हा शेक न्हाई पोरी, हे सरण हाये."

मी हिरमुसले. पासिंगची तारीख जवळ येत चालली होती, कढीपत्ता होरपळला होता आणि पिंटू रोज येता-जाता विचारायचा, "मंग, कटिंग करायचं ना?" मला वाटायला लागलं होतं की पिंटूचंच खरं. त्या दिवशी सिस्टर अंगणात बसून टॉवेलाचा आखडलेला कोपरा बोटानं सरळ करत होत्या. एकदम उठल्या. "आपण चुकलो ग. जाळाच्या दुकानात जाऊन राहिलो. ज्याला बारकं काम पडतं त्याच्याकडं जायला पाहिजे. चल, रहीमभाईकडं."

रहीमभाई हिंगोलीला फ्रिज दुरुस्त करणारे. सिस्टरच्या दवाखान्यातला लसींचा फ्रिज तेच सांभाळायचे. फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या जोडायच्या तर जाळ नेमकाच लागतो, शेजारची नळी तापता कामा नये. आम्ही गेलो तेव्हा ते एका जुन्या फ्रिजच्या पाठीमागं बसले होते. सिस्टरनी नट ठेवला. रहीमभाईंनी तो उचलून प्रकाशात धरला, नखानं गंज खरवडला आणि विचारलं, "सिस्टर, पैले ये बताओ, गरम क्या करना है? कित्ता मोटा है? और उसके बाजू में क्या क्या है?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता! "ऐकलं का? इतकी दुकानं हिंडलो, समद्यांनी इचारलं तुमी कोण. कुठं दुखतं हे इचारणारा ह्यो पयला."

मग दोघांचं असं काही जमलं की मी नुसती बघत राहिले. बाजूला काय आहे? रबरी बुश आहे, वर पत्रा आहे, त्यावर फोमचा बाक. पेट्रोलची टाकी कुठं? पुढं, पण उतरवून घेणार. हात कुठून जाणार? खालून, पाठीवर पडून. रहीमभाईंनी दोन टॉर्च काढले. एकाची ज्योत रुंद, एकाची टोकदार. दोन्हींना नळी होती, म्हणजे टाकी बाहेर उभी ठेवायची आणि हातात नुसतं तोंड. सिस्टरनी दोन्ही पेटवले, दोन्ही आडवे केले, उलटे केले. एकही रडला नाही. मग टेस्ट डोस. रुंद ज्योतीनं नट तापायला वेळ घेतला आणि पक्कडही तापली. टोकदार ज्योतीनं नट काळपट लाल झाला आणि बोल्टाचं टोक मात्र तसंच राहिलं. "नट फुगला पाहिजे, बोल्ट न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "दोघं संगंच फुगले तर सुटणार कसे?" शेवटी त्यांनी साबणाचा फेस मागून घेतला, नळीच्या प्रत्येक जोडाला लावला आणि कुठं बुडबुडा येतो का ते चष्मा लावून पाहिलं. रहीमभाई म्हणाले, "मैं खुद आके कर देता ना, सिस्टर, काहेको तकलीफ?" त्यावर सिस्टर म्हणाल्या, "तुमी आज येताल. पण गाडी तर रोज गंजून राहिली. घरात असू द्या."

टोकदार ज्योतीचा टॉर्च विकत घेतला आणि घरी येईपर्यंत मी त्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. लग्नात दागिन्यांचा डबा मी इतका जपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंटूनं गाडी ओंडक्यांवर चढवली आणि पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. सिस्टरनी बाक काढायला लावला. पत्र्याला आतून ओली पोती, रबराला ओलं फडकं, हाताशी वाळूची बादली, शेडची दोन्ही दारं सताड उघडी. माझी ओढणी काढून घेतली, केस कापडात बांधले, डोळ्यांना चष्मा. "मी खाली जाते," त्या म्हणाल्या खऱ्या, पण गुडघ्यांनी त्यांना वाकूच दिलं नाही. तेव्हा त्या स्टुलावर बसल्या, एक हात गॅसच्या टाकीच्या चावीवर. मी गाडीखाली. पार्लरला सुट्टी द्यायची माझ्या लक्षातच नव्हती. डोक्याला मेंदी लावलेल्या दोघी आणि चेहऱ्यावर पॅक थापलेली एक अशा तिघी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तांड्यावरून सविताची सासू आली होती. पिंटू दारात, हाताची घडी घालून.

चाप ओढला. ज्योत निळी, टोकदार, बारीक आवाज करणारी. मी ती नटाच्या एका बाजूला धरली.

"फिरव. एका जागी धरू नको. गोल."

मी गोल फिरवत राहिले. हात भरून आला. गंजाचे पोपडे उडत होते. नट काळा, मग तपकिरी, मग त्याला तो मंद लाल रंग चढायला लागला आणि मला राहवेना. "पाना द्या! द्या लवकर!"

"थांब."

"अहो पण लाल झाला!"

"बाळंतीण म्हणती आत्ताच, म्हणून आपण आत्ताच वढतो का? जाळ बंद कर. लाली उतरू दे."

त्यांनी चावी फिरवली. लाली उतरेपर्यंत मी गाडीखाली पडून त्या नटाकडे बघत राहिले. मग सिस्टरनी पर्समधून मेणबत्ती काढून माझ्या हातात सरकवली. "आता मलम." मेणबत्ती टेकवली तसं मेण वितळून चुरचुरत नटाच्या कडेनं आत शोषलं गेलं. परत शेक. परत थांबणं. परत मलम. मग त्यांनी पाना दिला. "घट्ट कर आधी. जराशी. मंग सोड."

मी नट आधी आवळला. मग उलटा जोर लावला. काही नाही. परत. काही नाही. पिंटूनं तोंड उघडलं, तोवर 'कट्' असा बारीकसा आवाज झाला.

मला आधी वाटलं, बोल्ट तुटला. मी पाना आणखी थोडा फिरवला आणि नट फिरला. फिरला! सगळा, अख्खा, आपल्या आट्यांवरून!

"सिस्टर! सुटला!"

काय कल्ला झाला म्हणून सांगू! मेंदीवाल्या टाळ्या वाजवतायत, पॅकवालीच्या हसण्यानं तिचा वाळलेला चेहरा तडकून खाली पडतोय, सविताची सासू कडाकडा बोटं मोडून गाडीवरून ओवाळतेय. पिंटू तर सरळ आडवा होऊन गाडीखाली माझ्या शेजारी सरपटत आला आणि नट खरंच निघाला का म्हणून बोटानं चाचपून बघायला गेला आणि भाजून घेतलं. सिस्टर मात्र स्टुलावरून उठल्या नाहीत. मी बाहेर आले, काळं तोंड घेऊन, तेव्हा त्या पदरानं डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "पिंटूला बरनॉल लाव."

नवा जोड बसला. हिंगोलीला गाडी पास झाली. परतताना सिस्टरनी वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी गाडी थांबवून कागद दाखवला, त्यामुळे तासाभराच्या वाटेला सबंध दुपार लागली.

आणि मग पुण्याची लेक आईला न्यायला आली. डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघे, एकटं राहणं, सगळं तिचं बरोबरच होतं. मी म्हटलं, "सविताचं होईपर्यंत तरी थांबा." सिस्टर म्हणाल्या, "गाडी हाये, दवाखाना हाये, चालवायला तू हायेस. माझं काय काम?" गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, याच व्हॅनवर, खिडकीतून ओरडण्यासकट.

हिंगोलीहून संध्याकाळची ट्रॅव्हल्स होती. मी व्हॅन काढली, पुढचं दार उघडून धरलं. सिस्टर पुढे बसल्याच नाहीत. मागचं दार उघडून त्या बाकावर आडव्या झाल्या, पांढरे बूट घातलेले पाय लांब करून. लेक म्हणाली, "आई, हे काय?" "मी आज पेशंट हाये. टेस्ट डोस घेऊन राहिले. चालव ग."

हिंगोलीपर्यंत त्या झोपून आल्या. प्रत्येक खड्ड्याला मागून सूचना यायची. "हा जोरात बसला." "इथं ब्रेक आधी मार, बाईचं पोट हलतं." लांब लांब श्वास घेतल्याचा आवाज येत होता, नाकानं, मुद्दाम. हिंगोलीत उतरताना त्यांनी साडी झटकली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रुमालाची ती गाठ माझ्या मुठीत दिली. "धूर न्हाई," म्हणाल्या. "बराबर हाये." आणि मागं न बघता ट्रॅव्हल्समध्ये चढल्या. मी तिथंच, स्टँडवर, सगळ्यांसमोर रडले.

सविताला कळा आल्या तेव्हा टळटळीत दुपार होती. मी एका नवरीचं फेशियल अर्ध्यावर टाकून निघाले. तिनंही मला अडवलं नाही, ती तांड्याजवळचीच होती. तांड्याचा चढ, सविताला बाकावर घेतलं, सासू उशाशी, आणि मी चालवतेय, खिडकीतून डोकं काढून. "सरका हो! पेशंट आहे!" आवाज मला सिस्टरसारखा लागला नाही, पण लोक सरकले. मध्ये मी एकदा मागं विचारलं, "धूर येतोय का?" सासू म्हणाली, "न्हाई व्हो ताई. तुमी पुढं बघा." दवाखान्यात पोचलो आणि चहा यायच्या आत बाळाचं रडणं ऐकू आलं.

दवाखान्याच्या पायरीवरून मी फोनांचा धडाका लावला. माझ्या यजमानांनी विचारलं, मुलगा की मुलगी? पिंटूनं विचारलं, मुलगा की मुलगी? रहीमभाईंनी विचारलं, बेटा या बेटी? मग मी पुण्याला लावला. डोळ्याला पट्टी असल्यामुळे लेकीनं फोन त्यांच्या कानाला धरला असणार. मी म्हटलं, "सिस्टर, सविताचं झालं!"

पलीकडून एकच शब्द आला. "धूर?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. झोपून आली."

"मंग बराबर हाये," असं म्हणून त्यांनी नेहमीसारखा फोन ठेवून दिला. काय झालं ते विचारलंच नाही. मी हसत हसत परत फोन लावला आणि लेकीला सांगितलं की मुलगी झाली म्हणावं. तिनं सांगितलंही. पण माझं आणि सिस्टरचं स्वतःचं असं बोलणं ते शेवटचं. थोड्याच दिवसांत पुण्याहून फोन आला, सिस्टर पहाटे झोपेतच गेल्या. ज्यांनी कधी कुणाला तिष्ठत ठेवलं नाही, त्यांना दवाखान्यात न्यायचीही कुणावर वेळ आली नाही. मला त्यांची फार आठवण येते. गाडी धुताना येते, कढीपत्ता तोडताना येते. होरपळलेल्या बाजूला आता नवी पानं आली आहेत.

परवा टॉर्चची नळी जुनी झाली म्हणून बदलायला हिंगोलीला गेले. रहीमभाईंचं दुकान बंद होतं, म्हणून त्या मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे शिरले. काउंटरवर आता कुणी नवीनच होता. मी नळी मागितली. त्यानं माझ्या पार्लरच्या ॲप्रनकडे बघितलं आणि हसून विचारलं, "मॅडम, वांगी भाजायची का?"

मी पर्स उघडली आणि रुमालाची गाठ सोडली.